तारामतीचे जावई

तारामतीला गावात दहा-बारा जावई हायत, आन पोटची लेक एक बी न्हाई. परगावचा माणूस ऐकतो तवा त्याला वाटतं, ही बाई आपली चेष्टा करून राहिली. चेष्टा कशाची? त्यातल्या तिघांची हाडं तिनं स्वतःच्या हातानं मोडल्यात, आन तरी धोंड्याचा महिना आला की ते पायरीवर चपला काढून तिच्याकडं गपगुमान जेवायला येतात. मी तिच्या समोरच्या घरात राहते. उज्वला माझं नाव. माझं तोंड वाईट हाय असं गाव म्हणतं. म्हणू दे, माझे डोळे चांगले हायत.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. भूकंपानंतर नवं वसवलेलं, लाईनीनं घरं आन मधी रुंद रस्ते. जुन्या गावात माळवदाला माळवद चिकटलेलं होतं. नवऱ्यानं बडवायला घेतलं की बाई माळवदावरून पळायची आन कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसायची. कुणाला कळायचं बी न्हाई. नव्या गावात ती सोय गेली. आता मार खाल्लेल्या बाईला सगळ्यांच्या देखत उघड्या रस्त्यावरून पळावं लागतं, आन ती पळायला लागली की घराघरातनं कड्या लागल्याचा आवाज येतो. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतंय? मी बी कडी लावायची. मला माझं घर हाय, दोन म्हशी हायत, लोकाची भांडणं कुठं अंगावर घेऊ?

दार उघडं असायचं ते एकट्या तारामतीचं.

तिची एक रीत होती. बाई आली की ती काय झालं म्हून विचारायची न्हाई. पाटावर बसवायची, पाय धुवायची, हळद-कुंकू लावायची, आन ओटी भरायची. गहू, खण, नारळ, हळकुंड, सगळं रीतसर, दार सताड उघडं ठेवून. एकदा ओटी भरली की ती बाई तारामतीची लेक. मंग नवरा तिला न्यायला आला की तो कोण झाला? जावई झाला. त्यानं शिव्या देत यायचं न्हाई, सासूच्या घरी आल्यासारखं यायचं, तिला मामी म्हणायचं. पहिल्या डावाला तारामती त्याला सतरंजीवर बसवायची, च्या-पोहे द्यायची, टोपी-टावेल द्यायची, आन सांगायची, "जावईबापू, लेक नेताय तर न्या. पर दुसऱ्या डावाला ती अशी आली, तर च्या मिळायचा न्हाई." दाराच्या मागं तिचं मुसळ उभं असायचं, बाभळीचं, खाली लोखंडी वसूचं कडं बसवलेलं. बोलताना ती तिकडं बघायची बी न्हाई. जावईच बघायचा.

रेवणप्पानं बघितलं न्हाई. निलंग्याच्या पलीकडनं, कर्नाटकाच्या शिवेवरनं येऊन हितं राहिलेला माणूस, अंगानं रेड्यासारखा. त्याची बायको पार्वतम्मा दुसऱ्या डावाला आली तवा तिच्या डोक्याची कातडी केसासकट निघून कानावर लोंबत होती. "अव्वा!" कानडीत आई म्हून एवढंच ओरडली आन दारात पडली. तिच्या मागं रेवणप्पा कोयता घेऊन. तारामती दारात आडवी झाली. तो म्हणला, "सरक म्हातारे, न्हाईतर तुझी बी खांडोळी करीन." तिनं मुसळ उचललं आन पहिलाच दणका त्याच्या मनगटावर घातला. कोयता पार माझ्या दारापातूर आला. मंग खांद्यावर एक. मंग तो खाली बसल्यावर पाठीत. तो कानडीत आईच्या नावानं रडायला लागला, तरी ती हाणतच होती. बायांनी धरली म्हून थांबली.

गाव रेवणप्पाकडं बघत होतं. मी तारामतीकडं बघत होते. तिच्या तोंडावर राग नव्हताच. लगीनघरातल्या बाईसारखं तोंड फुललं होतं, गाल लाल, डोळे चमकत होते. नंतर तिनं पोटभर भाकरी खाल्ली आन दुपारचं घोरत पडली. मला ते काही बरं वाटलं न्हाई.

गाव मात्र तिला देवीच मानायला लागलं. विधवा बाई असून बी लग्नात पहिली हळद तिला, बारशाला पहिला मान तिला. मला सारखं वाटायचं, ही बाई नावासाठी करती. फुकट कोण काय करतंय ह्या दुनियेत? कामापुरता मामा असतो सगळा. टवाळ पोरं म्हणायची, "बायकोला बडव आन तारामतीकडं धोंडे चढव!" मी बी हसायची त्यांच्या संगं.

एकदा आम्ही दोघी तिच्या पडवीत शेवया करत होतो. मी तोंडावरच बोलले, "तारे, खरं सांग, नावासाठीच करतीस न्हवं हे?"

"नाव काय भाकरीसंगं खाऊ?" ती म्हणली.

"मंग कशासाठी? पुण्यासाठी?"

तिनं शेवयाचा पाट बाजूला सारला. म्हणली, "तुला लिंबाजी आठवतो का?"

आठवायचा की. तिचा नवरा. भूकंपाच्या आदल्या राती गणपती बुडवून ढोसून आला, कालवणात मीठ कमी म्हून तिला झोडपली, केसाला धरून अंगणात फेकली, वर्षाचं पोरगं तिच्या अंगावर टाकलं आन आतनं कडी घातली. पहाटं माळवद खाली आलं. आत लिंबाजी होता, बाहेर ही मायलेकरं.

"त्याच्या लाथेनं मला वाचवलं ग, उज्वले," तारामती म्हणली. "आता त्याला मी काय म्हणू? मी ढिगाऱ्यावर बसून ऊर बडवून रडले. लोक म्हणले, नवऱ्यासाठी रडती बिचारी. त्याच्यासाठी कशाला रडंन? मला त्याला एक तरी रट्टा द्यायचा होता. मेला भडवा, माझा एक बी रट्टा न खाता मेला. तवापासनं हात शिवशिवतोय. हे जे येतात न्हवं, रेवणप्पा का कुणी, मला त्यांचं तोंडच दिसत न्हाई. मी लिंबाजीलाच हाणते. मला आवडतं हाणायला. पोट भरल्यासारखं वाटतं."

मी तोंडाला पदर लावला. "आगं बाई! आन गाव तुला देवी म्हणतं!"

"गाव म्हणतं. मी कवा म्हणले? पार्वतम्माचा जीव वाचला का न्हाई, तेवढं सांग. मंग माझ्या मनात काय हाय ते तुला कशाला पायजे? शेवया मोड त्या, सुकायल्यात."

मी शेवया मोडायला घेतल्या, पर मनात आलं, घावलं! हिची दया बी स्वतःपुरतीच हाय.

तिचा पोरगा सुदर्शन, तोच अंगणात फेकलेला, कारखान्यावर कामाला लागला. तोंडावळा सगळा लिंबाजीचा, नाक, भुवया, चालताना मान वाकडी करायची खोड सुदीक. तारामतीनं जळकोटकडची पोरगी सून करून आणली, वर्षाराणी. गोरी, बारीक, लाजाळू. पहिली दोन वर्सं सुदर्शन तिला मोटारसायकलवर बसवून बाजाराला न्यायचा. मंग तो ढोसून यायला लागला, न्यायचं बंद झालं. एक दिवस मी बघितलं, वर्षा डाव्या हातानं धुणं वाळत घालून राहिली, उजवा पदराखाली. दुसऱ्या महिन्यात पायऱ्या उतरताना भिंत धरून उतरली. तारामती रानात गेली की सुदर्शनचं घरातलं बोलणं बारीक व्हायचं, आन ते बारीक बोलणंच वाईट असतं.

मी तारामतीला सांगितलं. का सांगितलं म्हणाल, तर मला तिचं तोंड बघायचं होतं.

ती माझ्यावर धावून आली. "माझ्या घरात? माझ्या घरात व्हय ग, सटवे? माझं चांगलं बघवत न्हाई म्हून पोरावर घेतीस?" तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हणलं, बघा! आपला तो बाब्या आन लोकाचं ते कारटं. बारा गावच्या लेकी हिच्या आन घरातली एक दिसंना.

मंग गेल्या वर्साची ती दुपार. तारामती रानात खुरपायला गेल्ती. मी सुपात डाळ पाखडत होते. समोरनं धप धप आवाज येऊन राहिला, मिरच्या कांडतात तसा. मला वाटलं, वर्षा मिरच्या कांडती. मंग लक्षात आलं, मिरच्यांचा ठसका कुठं हाय? तेवढ्यात वर्षा दारातनं बाहेर आली. एक हात खांद्यापासनं नुसता लोंबत होता, कानातनं रगत गळ्यावर उतरलं होतं, आन श्वास घ्यायला लागली की छातीत काहीतरी खरखरत होतं. त्यानं तिला तारामतीच्या मुसळानं कांडली होती. ती रस्त्याच्या मधी उभी राहून इकडं तिकडं बघायला लागली. ह्या गावात मार खाल्लेली बाई ज्या दारात जाती, त्याच दारातनं ही बाहेर आल्ती. कड्या लागल्याचे आवाज आले.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा दया आली न्हाई. मनात आलं, आता घावली तारामती! आता गावाला कळू दे देवीचं घर! ह्या हौशीनं मी पळत गेले, पोरीला काखेत धरली, घरात आणली आन कडी घातली. मनात घाण होती, पर पोरगी आत आली.

सुदर्शननं दारावर मुसळ घातलं. आमचं दार पत्र्याचं. "मावशे, माझी बायको दे!" मी म्हणलं, "तुझ्या बापाची हाय का?" तिसऱ्या दणक्याला पत्रा फाटला आन त्याची कड माझ्या कपाळात घुसली. ही बघा खूण. रगत डोळ्यात उतरलं, तरी मी फटीतनं खुरपं बाहेर घातलं आन त्याच्या बोटावर मारलं. तो ओरडला. आता त्यानं दार सोडून मलाच मारायला मुसळ वर केलं. मागं वर्षा माझं लुगडं धरून म्हणत होती, "मावशी, मला देऊ नका, आज मारून टाकतंय, मला देऊ नका." मी तवा नाव, तारामती, गाव, सगळं इसरले. वाटलं, ही गेली आन संगं मी बी गेले.

"सुदर्शन!"

तारामती रस्त्यात उभी होती, डोक्यावर गवताचा भारा. लोक जमले होते, सगळे लांब. रेवणप्पा सगळ्यात पुढं, वाकडं मनगट पोटाशी धरून.

सुदर्शन म्हणला, "आई, बरं झालं आलीस. ह्या मावशीनं माझी बायको कोंडली. हिला सांग जरा."

रेवणप्पा हसला. "मामी, पोराचा पहिला डाव हाय न्हवं? च्या टाका की! टोपी-टावेल काढा! आमच्या टायमाला मुसळ, आन लेकाच्या टायमाला?" मागनं चार-पाच जण हसले.

तारामतीनं भारा खाली टाकला. फाटलेल्या पत्र्यापाशी आली आन आत बघून म्हणली, "वर्षा, कितवा डाव हाय हा?"

"आधी मोजत होते, आत्या," वर्षा म्हणली. "मंग सोडून दिलं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"कुठं येऊन सांगू? सगळ्या तुमच्या दारात येतात. मी तर तिथंच राहते."

तारामतीचं तोंड राखेसारखं झालं. ती वळली, सुदर्शनपुढं हात केला, म्हणली, "दे इकडं."

त्यानं दिलं. आईनं मागितलं म्हून दिलं, जसं लहानपणी हातातलं काही बी द्यायचा. त्याला वाटलं, झालं, मिटलं.

पहिला दणका गुडघ्यावर. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो खाली कोसळला, डोळे एवढे मोठे झाले, रडायला बी इसरला. दुसरा उजव्या दंडावर. मंग तो बोंबलला, "आई! आई, मी हाय ग! मी सुदर्शन हाय!"

"म्हाईत हाय," तारामती म्हणली. "सुदर्शनच हायस तू. चांगलं म्हाईत हाय मला." आन तिसरा घातला, फासळीवर, वर्षाच्या जिथं बसला होता तिथं.

मी सगळा वेळ तिच्या तोंडाकडं बघत होते. लाली न्हाई, चमक न्हाई. ओठ निळे पडले होते, आन प्रत्येक दणक्याला तिच्याच तोंडातनं कण्हल्याचा आवाज येत होता. चौथ्याला तिनं मुसळ उचललं, तवा रेवणप्पाच पुढं झाला. त्याच वाकड्या हातानं त्यानं मुसळ धरलं. "बास मामी. मरंल तुमचं लेकरू." आता हसत कुणीच नव्हतं.

ती हापशापाशी गेली आन भडभडा ओकली. त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली न्हाई, का झोपली न्हाई.

पर ओकून झाल्यावर तिनं एक केलं. तोंड धुऊन माझ्याकडं आली, म्हणली, "उज्वले, पाट दे. गहू दे. माझ्या घरातलं चालायचं न्हाई, ते हिच्या सासरचं हाय, आन ही आता माहेराला येऊन राहिली." मी पाट दिला, गहू दिले, पेटीतला माझ्या नातीसाठी ठेवलेला खण दिला. कशाला दिला, आज बी सांगता येत न्हाई. तारामतीनं वर्षाला स्वतःच्याच उंबऱ्यावर बसवली, पाय धुतले, कुंकू लावलं. वर्षाला पदर धरता येईना, तवा मी धरला, आन सगळ्या रस्त्याच्या, पडलेल्या सुदर्शनच्या देखत, तारामतीनं सुनेची ओटी भरली.

"ऐका रे सगळे. ही माझी लेक. हे तिचं घर. लेक हितं राहील. जावई राहणार न्हाई."

सुदर्शन मातीत पडल्या पडल्या म्हणला, "आई, हे घर माझं हाय."

"सासूच्या घरात जावयाचं काही नसतं," ती म्हणली. "आन मला मामी म्हणायचं."

मारोती जीपवाला, तो बी तिचा एक जावईच, त्यानं दोघांना लातूरला दवाखान्यात नेलं. वर्षाला मागच्या सीटावर, माझ्या मांडीवर डोकं देऊन. सुदर्शनला पुढं. तारामती गाडीत बसली न्हाई. जीप वळली तवा मी मागं बघितलं, ती रस्त्यातलं गवत गोळा करून राहिली होती.

सुदर्शन तिकडंच राहिला, लातुरात खोली करून. पाय वाकडा बसला. वर्षा बरी झाली, आता घर-रान दोन्ही बघती आन तारामतीला आई म्हणती. मला वाटलं होतं, तारामतीचं नाव आता आणखी मोठं होईल. उलटंच झालं. पोटच्या पोराला मोडणारी बाई म्हून लोक तिला भ्यायला लागले, हळदीला बोलवंनात. आन मुसळ? ते तिनं चुलीत घातलं. मार खाऊन कुणी आली तर आता काय करशील, असं मी विचारलं, तर म्हणली, "दारात उभी राहीन. हाणायचं मन मेलं माझं."

यंदा धोंड्याचा महिना आला. सगळे जावई जेवून गेले. शेवटी एका दुपारी सुदर्शन आला, लंगडत. हातात पिशवी, दाढी वाढलेली. पायरीवर चपला काढल्या आन उभाच राहिला. मी माझ्या दारातनं बघत होते.

तारामती बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला. म्हणली, "या जावईबापू. बसा."

त्याचं तोंड असं झालं, जसं कुणी चापट मारली. तो सतरंजीवर बसला. तिनं ताट वाढलं, धोंडे, वर तूप, बाजूला आमटी. "सावकाश जेवा," म्हणली. स्वतःच्या पोराला अहो-जाहो करताना तिचा आवाज एकदा बी हालला न्हाई. त्यानं एक धोंडा खाल्ला, दुसरा अर्धा खाल्ला, आन त्याच्याच्यानं गिळवंना.

"मामी," तो म्हणला, "मी न्यायला आलोय. तिकडं दारू सोडली. हात लावणार न्हाई."

तारामतीनं आत बघितलं. "वर्षा, तुझं तू सांग."

वर्षा दाराआडनं म्हणली, "औंदा न्हाई, आई."

"ऐकलं, जावईबापू? लेक औंदा न्हाई म्हणती." तिनं त्याला टोपी दिली, टावेल दिला, कुंकवाचा टिळा लावला. टिळा लावताना तिचा अंगठा त्याच्या कपाळावर जरा जास्ती वेळ राहिला. तो खाली वाकला, पाया पडला, आन तसाच लंगडत स्टँडाकडं गेला.

मी रस्ता ओलांडून गेले. पडवीत तारामती एकटी होती. सतरंजीवर बसून, समोर सुदर्शनचं उष्टं ताट, आन त्यातला अर्धा उरलेला धोंडा ती खाऊन राहिली होती. त्याचं बोट लागलेल्या जागेपासनंच.

"आगं तारे," मी म्हणलं, "जावयाचं उष्टं खाती का ग कुणी सासू?"

"गप बस, उज्वले," ती म्हणली, आन ताटाला लागलेलं तूप बोटानं निपटून, ताट धुवायला उठली.